पब उघडा आहे म्हणजे किचन चालू आहे असं नाही

तुम्ही लिहिलंय की शनिवारी सासू-सासऱ्यांना घेऊन कॅनॉलच्या कडेच्या पबात गेलात, सव्वातीनला पोचलात, दार उघडं, आत माणसं बसलेली, आणि काउंटरवर सांगितलं की किचन बंद झालंय, सहाला उघडेल, तोवर क्रिस्प्सची म्हणजे बटाट्याच्या वेफर्सची पाकिटं आहेत. सासऱ्यांना डायबेटिस आहे. ते वाचलं आणि मला जेवताना उठून हे लिहायला बसावं लागलं, कारण अगदी हेच आमच्या आईच्या बाबतीत झालंय आणि आमचं तुमच्यापेक्षा फार वाईट झालं होतं.

मी इंग्लंडमधे मिल्टन कीन्सला १४ वर्षं आहे, ग्रँड युनियन कॅनॉल घरापासून चालत दहा मिनिटांवर. बारवर जाऊन ऑर्डर द्यायची, टेबल नंबर लक्षात ठेवायचा, टिपची सक्ती नसते हे सगळं तुम्हाला माहीत असणारच, ते लिहीत नाही. मला फक्त वेळेबद्दल आणि गोळीबद्दल लिहायचंय.

आई-बाबा पहिल्यांदा आले तेव्हा मी दिवसभराची नॅरोबोट, म्हणजे कॅनॉलवरची लांब अरुंद बोट, भाड्याने घेतली. कुठल्या कॅनॉलवर ते लिहीत नाही, पब ओळखू येईल आणि पबची काही चूक नव्हती. बोट देणाऱ्या ऑफिसातल्या माणसाने नकाशाची झेरॉक्स दिली, त्यावर बॉलपेनने एक गोल काढला आणि म्हणाला, दोन तासांत पोचाल, दिवसभर जेवण मिळतं, तिथेच वळायला जागा आहे. मी दोनदा विचारलं, आई डायबेटिक आहे, जेवणाची वेळ पाळावी लागते, नक्की मिळेल ना? मान न वर करता हो म्हणाला. त्याच्या भरवशावर आम्ही बरोबर फक्त चहाचा थर्मास आणि चिवड्याची एक पिशवी घेतली, ती मुलांनी पहिल्या तासातच संपवली.

साडेदहाला निघालो. अंतर चार मैल, पण मधे पाच लॉक होते, म्हणजे पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली न्यायच्या दरवाजांच्या टाक्या, आणि त्या झेरॉक्सवर ते नीट उमटलेच नव्हते. नॅरोबोटला चार मैल ताशी ही मर्यादा आहे, पण बांधलेल्या बोटींच्या बाजूने जाताना त्याच्याही निम्म्याने जावं लागतं. आणि लॉक म्हटलं की आधी कुणीतरी उतरायचं, विंडलास म्हणजे ती लोखंडी एल आकाराची चावी घेऊन पॅडल म्हणजे पाण्याची झडप उचलायची, पाणी भरेपर्यंत थांबायचं, मग त्या जाड लाकडी दांड्याला पाठ लावून गेट ढकलायचं. नवशिक्यांना एका लॉकला वीस मिनिटं सहज जातात, आणि आमच्या पुढे दोन बोटी होत्या. इथले बोटवाले हिशोब असा करतात की मैल आणि लॉक यांची बेरीज करायची आणि तीनने भागायचं, तेवढे तास. चार आणि पाच नऊ, म्हणजे तीन तास, आणि आमच्यासारख्यांना चार. हे एक वाक्य त्या ऑफिसात मला कुणी सांगितलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं.

आता माझी चूक. एक वाजता एका वळणावर लांबून पबची चिमणी दिसली आणि मी आईला म्हणालो, आलंच आता, पंधरा मिनिटांत पोचतोय, तू गोळी घेऊन टाक. तिची गोळी जेवणाआधीची, साखर खाली आणणारी. तिने घेतली. त्या वळणाच्या पुढे दोन लॉक होते. आम्ही पोचलो पावणेतीनला. दाराशी काळ्या पाटीवर खडूने लिहिलेलं, जेवण १२ ते २:३०, संध्याकाळी ६ ते ९.

आई बोटीतून उतरली तेव्हा काही बोलत नव्हती. मला वाटलं दमली. तिचा हात धरला तर तळवा गार आणि ओला, ब्लाउज पाठीवर चिकटलेला, आणि मी विचारलं काय होतंय तर ती म्हणाली, "अरे, पाट सुटला का?" बाबा पाटबंधारे खात्यात होते, नीरा उजव्या कालव्यावर, फलटणला आमचं लहानपण गेलं, पाट सुटणं हा आमच्या घरातला रोजचा शब्द. पण तेव्हा तिला आपण कुठे आहोत तेच कळत नव्हतं. बायकोने पर्समधून मशीन काढून बघितलं तर साखर ५२. बारमागे एक वयस्कर बाई होत्या, त्यांना मी काय बोललो मला आठवत नाही, त्यांनी संत्र्याच्या ज्यूसचा ग्लास भरून दिला, आणि बंद किचनमधे स्वतः जाऊन दोन जाड पाव, बटर आणि चीज घेऊन आल्या. पैसे घेतले नाहीत. पंधरा मिनिटांनी ७४, अर्ध्या तासाने ९८, आणि मग आई म्हणाली की पाव चांगला आहे हो. मी तेव्हा बाहेर जाऊन बोटीच्या दोराशी उगाच काहीतरी करत उभा राहिलो.

आईला परत बोटीत बसवायचा प्रश्नच नव्हता. टॅक्सी त्या बाईंनीच लँडलाइनवरून बोलावली, कारण मोबाइलला रेंज नाही, आणि ती यायला सव्वा तास लागला. गावाकडच्या पबला जाताना परतीची टॅक्सी आधी ठरवून ठेवा, तिथे अ‍ॅपवर गाडी मिळेल या भ्रमात राहू नका. मी आणि बाबा बोट घेऊन परतलो, साडेसात वाजले, ऑफिस बंद, आणि दुसऱ्या दिवशी डिपॉझिटमधून १२० पाउंड कापल्याचा ईमेल. मी तीन ईमेल लिहिले. पाचपर्यंत बोट परत हवी होती तर चार तास लांबचा पब सांगितलाच कसा, जाऊन येऊन आठ तास होतात हे तुम्हाला कळत नाही? उत्तर आलं की कर्मचाऱ्याने फक्त सुचवलं होतं, नियोजन ग्राहकाने करायचं असतं. पैशांचं मला तेवढं नाही वाटलं. मी आईच्या तब्येतीचं लिहिलं होतं त्याबद्दल तिन्ही उत्तरांत एक अक्षर नव्हतं, कशी आहे आता एवढंही नाही. याला पाच वर्षं झाली तरी माझा राग गेलेला नाही.

असं किचन बंद का असतं याला जुनं कारण आहे. पहिल्या महायुद्धात कारखान्यातल्या लोकांनी पिऊ नये म्हणून सरकारने दुपारी पब बंद ठेवायला लावले आणि ती दुपारची सुट्टी पुढे सत्तरएक वर्षं टिकली. इंग्लंडमधे १९८८ ला कायदा बदलला, रविवारची दुपार तर १९९५ ला सुटली, आणि २००५ पासून वेळा आणखी सैल झाल्या. बार दिवसभर उघडा राहायला लागला पण किचन अजून जुन्याच लयीत आहे, कारण छोट्या पबला एकच कुक असतो, त्यालाही मधे विश्रांती लागते. शहरातले मोठ्या साखळीचे पब सोडा, ते दिवसभर देतात. खेड्यातल्या पबमधे सोमवार-मंगळवार किचन पूर्ण बंद असणंही नेहमीचं, आणि रविवारी दुपारी रोस्ट (भाजलेलं मांस, बटाटे, ग्रेव्ही) जोरात पण संध्याकाळी काही नाही.

म्हणून माझं ठाम मत, कुणाला पटो न पटो: इंटरनेटवरच्या वेळेवर, बोटीच्या ऑफिसवर, हॉटेलच्या रिसेप्शनवर, कुणावरही विसंबू नका. त्याच दिवशी सकाळी अकरानंतर पबला स्वतः फोन करा आणि "उघडे आहात का" असं विचारू नका, "जेवणाची शेवटची ऑर्डर किती वाजता घेता" असं विचारा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर नेहमी हो येतं. बुकिंग फोनवरच करा, आणि डायबेटिसचं सांगा, लोक खरंच लक्षात ठेवतात.

गोळीचं: मी डॉक्टर नाही, प्रत्येकाचं औषध वेगळं असतं, सासऱ्यांच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा. आमच्या डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं की बाहेर असताना ताट समोर आल्याशिवाय ती गोळी घ्यायची नाही. आणि एक गोष्ट जी इकडे येणाऱ्यांना माहीत नसते, २०१८ पासून इथे साखरेच्या पेयांवर कर आहे, त्यामुळे बऱ्याच लेमनेडमधे आता साखर कमी आणि स्वीटनर जास्त असतं. साखर उतरली असताना लेमनेड देऊन उपयोग होईलच असं नाही. संत्र्याचा ज्यूस मागा, किंवा साधा कोक, आणि डाएट नको असं स्पष्ट सांगा. खिशात ग्लुकोजच्या गोळ्या ठेवा, त्या केमिस्टकडे मिळतात. भारतातून आणलेलं साखरेचं मशीन आणि इथलं मशीन यांचे आकडे वेगळे असतात, इथला ४ म्हणजे आपला साधारण ७२, १८ ने गुणायचं. पॅरामेडिकला ५२ सांगितलंत तर तो गोंधळेल.

सासूबाई शाकाहारी आहेत म्हणालात. प्लाउमन्स लंच बघा, पाव, चीज, कांदा, लोणचं, कधी सफरचंद, आपल्या माणसांना ते भाकरी-कांद्यासारखं ओळखीचं वाटतं. पण काही ठिकाणी त्यात हॅम किंवा पोर्क पाय (pie, डुकराचं मांस भरलेली पेस्ट्री) असतो, काढून द्या म्हणायचं. व्हेज रोस्ट घेतलात तर ग्रेव्ही वेगळी आहे का ते विचारा, नाहीतर वरून मांसाचीच ओततात. बटाटे आणि यॉर्कशायर पुडिंग (गोड नसतं, रोस्टबरोबरचा फुगलेला पाव) कशात केलंय तेही विचारा, बीफ ड्रिपिंग म्हणजे गाईची चरबी वापरणारे पब आहेत, उत्तरेत चिप्स सर्रास त्यात तळतात. गोडात सुएट असलेलं पुडिंग टाळा, तीही चरबीच. स्टिकी टॉफी पुडिंगमधे साधारणपणे खजूर, लोणी, अंडं असतं, अंडं चालत असेल तर तेच घ्या, एक मागवून चौघांनी खाल्लं तरी पुरतं. हे विचारायला लाजू नका. आमच्या आईने सुरुवातीला एकदा न विचारता खाल्लं आणि नंतर कळल्यावर दोन दिवस नीट जेवली नाही.

सासरे बिअर घेत असतील तर (साखरेचं आणि गोळीचं बघून, तेही डॉक्टरांना विचारून) हँडपंपची एल (इथली पारंपरिक बिअर) अर्धा पाइंट घ्या, आधी चव घेऊ का म्हटलं तर थोडी देतात. ती गरम आहे अशी तक्रार करू नका, तळघरातून ११ ते १३ डिग्रीला येते आणि तशीच प्यायची असते. कडक शाकाहारी असतील तर विचारा, बऱ्याच एलमधे गाळ बसवायला माशापासून केलेलं आयसिंगग्लास घालतात.

आता कुठे जायचं. बोटीच्या मागे लागू नका, गाडीने किंवा ट्रेनने जा, कॅनॉलच्या कडेला बसून बोटी बघण्यातच वयस्कर लोकांचा जीव रमतो. गाडी नसेल तर बर्कहॅम्स्टेड, लंडन यूस्टनवरून थेट ट्रेन आणि स्टेशनच्या शेजारीच कॅनॉल, काठाने थोडं चाललं की दोन-तीन पब. एकाचं किचन बंद असलं तर दुसरा हाताशी असतो, मला ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. गाडी असेल तर स्टोक ब्रुर्न, तिथला बोट इन १८७७ पासून एकाच घराण्याकडे आहे, समोरच्या काठावर जुन्या धान्याच्या गिरणीत कॅनॉलचं म्युझियम, आणि थोडं पुढे ब्लिसवर्थचा बोगदा, २,८१३ मीटर लांब. घोडा जायला आत वाट नव्हती म्हणून बोटीवर फळी टाकून त्यावर आडवं झोपून माणसं पायांनी भिंत ढकलत बोट न्यायची. बाबा तिथे अर्धा तास तोंडाशी उभे होते.

पण बाबांचं खरं मन लागलं ते फॉक्सटनला. एकापाठोपाठ एक दहा लॉक, पाच-पाचच्या दोन पायऱ्या, १८१४ सालचे, २३ मीटर चढ. पॅडल लाल आणि पांढरी रंगवलेली, आधी लाल उघडायचं मग पांढरं, उलटं केलं तर पाणी बाहेर वाहतं. वरच्या लॉकचं पाणी शेजारच्या तळ्यात जातं आणि त्या तळ्यातून खालचा लॉक भरतो. बाबांनी ते एका बोटीच्या मागे चालत सगळे दहाच्या दहा लॉक बघितलं, तिथल्या स्वयंसेवकाला मोडक्या इंग्रजीत आवर्तन, म्हणजे कालव्याचं पाणी शेतीला पाळीपाळीने सोडणं, काय असतं ते समजावलं, त्या माणसानेही विंडलास बाबांच्या हातात दिली. फलटणला परतल्यावर आठवडाभर तेच चाललं होतं. आई खाली पबच्या बाहेर बाकावर, समोर प्लाउमन्स, गोळी ताट आल्यावर घेतलेली.

फॉक्सटनला मोठं पार्किंग वरच्या बाजूला आहे आणि पब अगदी खालच्या लॉकशी, म्हणजे जाताना उतार आणि जेवून परत चढ. सासूबाईंच्या गुडघ्यांचं कसं आहे ते कळवा. त्रास असेल तर स्टोक ब्रुर्नच बरं.