आजीचा हूं

चिऊ,

काल संध्याकाळी मी ड्युटीला निघाले आणि तू दारात आडवी आलीस. "आई, आजीच्या गावी श्रावणात दरवर्षी तीच पोथी का वाचतात? रावण मरणार हे सगळ्यांना माहीतच असतं. मग ऐकायला कशाला जातात?" बस चुकली असती म्हणून "उद्या सांगते" म्हणाले. जिना उतरताना मागून तुझं आणखी एक वाक्य कानावर आलं. ते बहुतेक तू माझ्यासाठी म्हटलंच नव्हतंस. "माझ्या पुस्तकांबद्दल बोलायला इथे एक माणूस नाही."

ते काही डोक्यातून जाईना. आता पहाटेचे तीन वाजलेत, वॉर्डात सगळे झोपलेत, बाहेर ग्लासगोचा तोच तो पाऊस. म्हणून लिहायलाच बसले. सावकाश वाच, अडलं तर बाबांना विचार.

गेल्या वर्षी तू पोथी ऐकलीस ती अर्धवट. तासाभरात आजीच्या मांडीवर झोपून गेलीस. तेव्हा आधी माझ्या लहानपणची सांगते.

आपलं गाव खारपाणपट्ट्यातलं. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांच्या या पट्ट्यात विहिरीचं पाणी खारट, आणि जमीन अशी काळी, चिकट, की पावसाळ्यात पायातली चप्पल ओढून घेते. दिवसभर निंदण-डवरण करून माणसं दिवेलागणीला मारुतीच्या देवळात जमायची. पोथी माझे आबाजी वाचत. पोथी तुझ्या पुस्तकांसारखी शिवलेली नव्हती. लांबट सुटी पानं, खाली-वर लाकडी फळ्या, आणि सगळं लाल फडक्यात बांधलेलं. आबाजी हातपाय धुऊन बसत, ठवणीवर पोथी ठेवत आणि गाठ सोडत. पानांच्या कडा बोटं लागून लागून काळ्या पडलेल्या. एका पानावर हळदीचं बोट उमटलेलं होतं, ते माझ्या पणजीचं, असं घरात सगळे सांगत. बोटाला थुंकी लावून पान उलटायचं नाही. दोन्ही हातांनी उचलायचं आणि पालथं ठेवायचं.

पोथी बहुतेक वेळा श्रीधरस्वामींची असे. त्यांनी १७०२ मध्ये हरिविजय, १७०३ मध्ये रामविजय आणि १७१२ मध्ये पांडवप्रताप लिहिला. रामविजयाचे अध्याय चाळीस. रोज एक म्हटला तरी श्रावण पुरत नाही, म्हणून आमच्याकडे आषाढी एकादशीलाच आरंभ करत, एखाद्या रात्री दोन अध्याय ओढत, आणि पोळ्याच्या आत समाप्ती. आबाजी ओवी चालीवर म्हणत आणि थांबत. मग शेजारी बसलेले एक मामा तिचा अर्थ आमच्या वऱ्हाडीत सांगत. खरी रंगत तिथे यायची. लंकेचा कोट केवढा उंच? "आपल्या गढीच्या चौपट." मारुतीच्या शेपटीनं लंका पेटली कशी? "उन्हाळ्यात तुराट्याची गंजी पेटते ना बाप्पा, तशी. इकून इझवा तं तिकून." त्याच उन्हाळ्यात ज्याची गंजी खरोखर जळाली होती तो माणूस खांबाला टेकून बसलेला होता. त्यानं हळूच मान हलवली. ते मी पाहिलं, आणि त्या रात्री लंका मला पहिल्यांदा खरी वाटली.

बाया ऐकता ऐकता घरच्या कापसाच्या वाती वळायच्या. रावणानं सीतेला उचललं की सगळ्यांचे हात थांबायचे. दरवर्षी तिथेच थांबायचे.

शेवटासाठी कुणी येतच नव्हतं गं. यंदा अर्थ कोण सांगणार, तो नवं काय काढणार, त्या थांबलेल्या हातांमध्ये आपलेही हात असणार, यासाठी यायचे. आणि तू तरी काय वेगळं करतेस? तुझ्या त्या राजकन्या-लांडग्याच्या मालिकेचा तिसरा भाग चौथ्यांदा वाचतेयस. लांडगा मरतो ते पान मुद्दाम काढून वाचतेस आणि मग उशीत तोंड घालतेस, मला दिसतं ते. वर्गातल्या मुलानं शेवट फोडला म्हणून तू चिडलीस ते मात्र बरोबरच. पहिल्या वेळचा धक्का एकदाच मिळतो, तो ज्याचा त्याला मिळू द्यावा. त्यानंतर ती गोष्ट राहायची जागा होते.

आमच्याकडे आणखी एक पोथी होती, नवनाथ भक्तिसार. धुंडीसुत मालूंनी १८१९ मध्ये लिहिलेली, तीही चाळीस अध्यायांची. ती लोक नेम धरून, भक्तीनं वाचतात, म्हणून तिला कादंबरी म्हणायचं नाही. पण मी आठ वर्षांची होते आणि मला त्यातलं अद्भुत तेवढं दिसायचं. मासोळीच्या पोटी जन्मलेला मच्छिंद्रनाथ. मारुती त्याच्यावर डोंगर फेकतो आणि हा मंत्र म्हणून ते आकाशातच थोपवून धरतो. बायकांच्या राज्यात अडकलेल्या गुरूला सोडवायला आलेला गोरख, आणि त्याच्या मृदंगातून निघणारा आवाज: "चलो मच्छिंदर, गोरख आया." तू ज्याला एपिक फँटसी म्हणतेस, ती मला इंग्रजी अक्षरं ओळखता येण्याआधी देवळाच्या ओट्यावर भेटली.

त्यात एक कथा आहे. गोरख लहान असताना संजीवनी मंत्र पाठ करत बसलेला असतो. गावातली पोरं त्याच्याकडे चिखलाचं बाहुलं करून मागतात. तो ओठांवर मंत्र घोळवत घोळवतच बाहुलं करतो आणि ते जिवंत होतं. तेच पुढे गहिनीनाथ. हा अध्याय ऐकल्यावर दुसऱ्या दिवशी मी आणि माझ्या चुलतबहिणीनं वावरातून माती आणून घराच्या ओट्यावर एक माणूस केला. डोळ्यांना ज्वारीचे दाणे लावले. मंत्र येत नव्हता, म्हणून जे पाठ होतं ते म्हटलं, अकराचा पाढा. झोप लागेपर्यंत म्हटला. रात्री पाऊस आला. सकाळी माणूस नव्हता. ओट्यावरून खाली गोठ्याकडे गेलेला काळ्या चिखलाचा ओघळ तेवढा होता, आणि मी रडायला लागले. आबाजी खाली बसले, तो ओघळ नीट पाहिला आणि म्हणाले, "रडतं कायले? गेला तो चालत. हे पाह्य पाय."

मी ज्या माणसांमध्ये गोष्टी ऐकल्या, ती अशी होती.

पुढे २००२ मध्ये मी अमरावतीला कॉलेजात होते. होस्टेलच्या खोलीत माझ्यासोबत धारणीकडची एक मुलगी होती, घरी कोरकू बोलणारी. लायब्ररीतून टोलकिन या इंग्रज लेखकाच्या द लॉर्ड ऑफ द रिंग्जचा पहिला भाग मिळाला, एकच प्रत, आठ दिवसांच्या बोलीवर. दोघींनाही हवा, दोघींचंही इंग्रजी बेताचं. मग मी मोठ्यानं वाचायचे, आणि ती मांडीवर डिक्शनरी घेऊन अर्थ लावायची. तीन-चार रात्रींनी माझ्या लक्षात आलं, की आम्ही पोथीच लावली होती. एक वाचणारी, एक अर्थ सांगणारी. हळूहळू शेजारच्या खोलीतल्या दोघी ऐकायला येऊन बसू लागल्या. त्यातली एक काही न बोलता पायाला तेल चोळत बसायची आणि नेमक्या भीतीच्या जागी "थांब, थांब" म्हणायची.

उन्हाळ्यात गावी आले तेव्हा तिन्ही भाग माझ्या पोटात होते आणि सांगायला कुणी नव्हतं. आज तुझं होतंय तसंच. तेव्हा भारनियमन होतं, रात्री तासन् तास लाइट नसायची. अंगणात बाजा टाकून आम्ही पडायचो. एका रात्री तुझी आजीच म्हणाली, "काय वाचलं वो एवढं, सांग ना."

आमच्याकडे गोष्टीचा एक नियम आहे. ऐकणाऱ्यानं हूं म्हणायचं. सांगणारा वाक्य संपवून थांबतो, अंधारातून हूं येतो, मग तो पुढे जातो. हूं आला नाही तर ऐकणारा झोपला, गोष्ट तिथेच थांबवायची. मी ती दुष्ट अंगठी आगीत टाकायला निघालेला फ्रोडो सांगितला, त्याचा सोबती सॅम सांगितला, अंगठीसाठी झुरणारा गॉलम सांगितला. आजीचा हूं येत राहिला. मी भराभर लढाया सांगायला निघाले, तर तिनं मला मध्येच अडवलं.

"अन् त्या गॉलमले कोनं भाकर देली का?"

मी म्हटलं, आई, तो वाईट आहे. मित्राला मारून त्यानं ती अंगठी घेतली.

"घेतली असंल. पण पाचशे वर्षं अंधारात एकला. माणूस येडाच होईन ना."

शेवट तू गेल्या नाताळात वाचलास, म्हणून लिहिते. आगीच्या कड्यापर्यंत जाऊन फ्रोडोला अंगठी टाकवत नाही, गॉलम त्याचं बोट तोडून ती घेतो आणि अंगठीसकट खाली पडतो. मी ते सांगितलं आणि बराच वेळ हूं आला नाही. मला वाटलं, झोपली. मग ती म्हणाली, "पहिलेच मारून टाकलं असतं त्याले, तं हे काम तसंच राह्यलं असतं."

चौथी शिकलेली तुझी आजी. पुस्तकभर गॉलमला जीवदान का मिळत गेलं ते हजार पानं वाचून माझ्या ध्यानात आलं नव्हतं. तिला सांगितलं नसतं तर आलंच नसतं.

टोलकिनही एकटे बसून लिहीत नव्हते. १९३७ मध्ये द हॉबिट आलं, मग ही मोठी गोष्ट सुरू झाली आणि छापून यायला १९५४-५५ उजाडलं. मधल्या वर्षांत ऑक्सफर्डला त्यांचे लेखक-मित्र सी. एस. लुईस यांच्या खोलीवर गुरुवारी रात्री मित्र जमत आणि टोलकिन नवी प्रकरणं वाचून दाखवत. त्यातल्या एकाला ही गोष्ट मुळीच आवडत नसे. तो आला की वाचन थांबायचं. हे तुला मुद्दाम सांगतेय, कारण तुझं पुस्तक पाहून कुणी डोळे फिरवले की तू ते लगेच दप्तरात घालतेस. १९४४ मध्ये, महायुद्ध चालू असताना, त्यांचा मुलगा ख्रिस्तोफर दक्षिण आफ्रिकेत विमान चालवायला शिकत होता. फ्रोडो आणि सॅम शत्रूच्या मुलखाकडे, मॉर्डोरकडे चाललेत ती प्रकरणं जशी लिहून होत तशी वडील त्याला पाठवत. ड्युटीवर असले की मला या बापलेकांची फार आठवण येते.

आपल्याकडची एक गोष्ट याहून खूप जुनी आहे. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवानं कथासरित्सागरात ती सांगितलीय. प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा गुणाढ्य रानात राहून सात लाख श्लोकांची कथा लिहितो. शाई नाही म्हणून स्वतःच्या रक्तानं. भाषा 'पैशाची' नावाची, पिशाचांची मानलेली प्राकृत, म्हणून सातवाहन राजा ती कथा परत पाठवतो. मग गुणाढ्य टेकडीवर आग पेटवतो, एकेक पान मोठ्यानं वाचतो आणि आगीत टाकतो. रानातली जनावरं चरणं सोडून भोवती उभी राहतात, डोळ्यांतून पाणी गाळत. इकडे राजाच्या ताटात सुकलेलं मांस येऊ लागतं, चौकशी होते आणि राजा धावत येतो. तोवर सहा लाख श्लोक जळालेले असतात. उरलेल्या एका लाखाची बृहत्कथा झाली. मला यात राजाचा राग येत नाही. मला ती हरणं दिसतात. पुस्तक समजून घ्यायला त्यांना काही यावं लागलं नाही, ती फक्त उभी राहिली.

म्हणून, बाळा, बसमध्ये तुझ्या शेजारी बसते त्या मुलीच्या हातात सातशे पानांचा ठोकळा देऊ नकोस. नकाशा आणि घराणी तर मुळीच सांगू नकोस, तिथेच माणसं पळतात. बर्फात पाय अडकलेल्या लांडग्यापासून सुरू कर आणि तिचा स्टॉप येईल तिथे थांब. आणि आधी तिला विचार, ती काय वाचते. ती सांगेल तेव्हा तू हूं म्हण.

आणि एक माणूस नाही म्हणालीस, ते तितकंसं खरं नाही. गेल्या वर्षी ओट्यावर बसून तू आजीला तुझ्या मोडक्यातोडक्या मराठीत पहिला भाग सांगत होतीस. राजकन्या नदीकाठी येते तिथवर आला होतात आणि दुसऱ्या दिवशी आपलं विमान होतं. तेव्हापासून दर रविवारी आजी फोनवर मला विचारते, "ते पोट्टी नदीपार झाली का?" मी म्हणते, मला नको विचारू, चिऊला विचार. आणि तू तेव्हा आंघोळीला गेलेली असतेस.

या रविवारी फोन तू लाव. दिवसा गोष्ट सांगितली तर मामा वाट चुकतो असं आजीचं म्हणणं असतं, तेव्हा आपल्या दुपारी साडेतीनला लाव, तिकडे रात्रीचे आठ वाजलेले असतात. नदीपासून सुरू कर. शब्द अडला तर इंग्रजी शब्द घाल, ती विचारून घेईल. आणि मध्येच हूं आला नाही तर ती झोपली असं समजून फोन ठेवू नकोस. गावात रेंज जाते. थोडं थांब, येईल.

तुझी,
आई