आईला स्मृतिभ्रंशाची गोळी सुरू करावी का? भावंडांत एकमत होत नाही.

आधी बी१२ आणि थायरॉइड तपासून घ्या, त्यांच्यामुळेही विसरायला होतं. डोनेपेझिल या स्मृतिभ्रंशाच्या गोळीने आजार बरा होत नाही; काहींना काही काळ आधार मिळतो, एवढंच. सुरुवात बहुधा ५ मिलिग्रॅमने. मळमळ, जुलाब होऊ शकतात, नाडीही मंदावू शकते, म्हणून ईसीजीबद्दल डॉक्टरांना विचारा.

आमच्या मायला आम्ही आधी तिलाच विचारलं. "कळण्याची भाकरी मला थापता आली पाहिजे," म्हणाली. (कळणा म्हणजे ज्वारी-उडदाचं पीठ.) तेच आमचं मोजमाप ठरलं. गोळी सुरू झाल्यावर भाकरी थापायची, पण ताटातली अर्धी तशीच राहायची. हे वहीत लिहून जळगावला नेलं, तेव्हा डॉक्टरांनी डोस कमी केला.

भावांनो, आई बोलू शकते तोवर तिच्या पाठीमागे काही ठरवू नका.