जुन्या मेकॅनोचे मोल: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

जोडणीच्या जुन्या खेळण्यांच्या संग्रहाविषयी आणि त्यांच्या बदलत्या किमतींविषयी आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्नांची उत्तरे या अंकात देत आहोत. बहुतेक पत्रे मेकॅनोविषयीची, म्हणजे भोके असलेल्या धातूच्या पट्ट्या नट-बोल्टने जोडून प्रतिकृती बांधण्याच्या खेळण्याविषयीची असल्यामुळे त्यालाच अधिक जागा दिली आहे.

प्रश्न : आजोबांचा मेकॅनो संच आमच्या घरी सागवानी पेटीत जपून ठेवलेला आहे. पट्ट्या बहुतांशी लाल-हिरव्या असून काही लांब पट्ट्या चकचकीत निकेलच्या आहेत. पेटीवर १० हा आकडा रंगवलेला आहे. एका विक्रेत्याने 'दहा नंबरचा संच म्हणजे लाखांची वस्तू' असे सांगितले. हे कितपत खरे मानावे? (एक वाचक, पुणे)

उत्तर : विक्रेत्याचे म्हणणे अस्सल आणि पूर्ण अशा दहा क्रमांकाच्या संचापुरते चुकीचे नाही, मात्र आपल्याकडे आहे तो तसा संच आहे का, हे आधी ठरवावे लागेल, आणि आपण दिलेल्या वर्णनावरून तरी तसे वाटत नाही. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांनी १९०१ मध्ये या खेळण्याचे पेटंट घेतले, १९०७ मध्ये 'मेकॅनो' हे नाव नोंदवले गेले, आणि १९१४ पासून लिव्हरपूलच्याच बिन्स रोडवरील कारखान्यात त्याचे उत्पादन होऊ लागले. ० ते १० अशी संचांची क्रमवारी १९३७ मध्ये आली. दहा क्रमांकाचा संच तेव्हापासून पुढची अनेक दशके सर्वांत मोठा संच होता आणि तो खण असलेल्या लाकडी पेटीत मिळत असे. निकेलचा मुलामा दिलेल्या लांब पट्ट्या मात्र साधारणपणे १९२७ पूर्वीच्या काळातल्या असतात. म्हणजे आपल्या पेटीत निदान दोन काळांतला माल एकत्र आलेला आहे.

यात वावगे काही नाही, कारण कंपनीची योजनाच तशी होती. लहान संच घ्यायचा आणि पुढे क्रमांकाला 'अ' (A) हे अक्षर जोडलेला पूरक संच घेऊन तो वरच्या क्रमांकाचा करायचा, असे मुले वर्षानुवर्षे करीत असत. पुढे एखाद्या काकांचा वा शेजाऱ्यांचा संच त्यात मिसळला जाई आणि सगळे मावेनासे झाले की घरच्या सुताराकडून पेटी करून घेतली जाई. त्यामुळे सागवानी पेटी हा अस्सलपणाचा पुरावा ठरत नाही आणि हाताने रंगवलेला आकडा तर मुळीच नाही.

काळ ठरवायला रंगाइतकी सोपी खूण दुसरी नाही. १९२६ मध्ये काही भागांवर निकेलच्या जागी लाल आणि हिरवा रंग आला आणि दुसऱ्याच वर्षी पट्ट्याही रंगीत होऊन त्या छटा गडद झाल्या. १९३४ मध्ये ब्रिटिश संचांत सोनेरी पट्ट्या आणि एका बाजूला तिरप्या सोनेरी रेघांची जाळी असलेले निळे पत्रे आले. युद्धामुळे उत्पादन थांबेपर्यंत ही रंगसंगती टिकली. १९४५ नंतर पुन्हा लाल-हिरवा रंग आला, तो १९५८ मध्ये अधिक उजळ झाला, १९६४ मध्ये पिवळा, काळा आणि चंदेरी, तर १९७० मध्ये पिवळा आणि निळा रंग आला. प्रत्येक पट्टीवरचा ठसाही भिंगाखाली पाहावा, कारण फ्रान्समध्ये तयार झालेल्या सुट्या भागांवर त्या देशाचे नाव असते आणि ते भाग इंग्लंडच्या संचात मिसळले असतील, तर जाणकार खरेदीदाराच्या ते लगेच लक्षात येते.

यानंतर, त्या काळच्या सूचनापुस्तिकेत सुट्या भागांची जी यादी असते, तिच्याशी आपला माल एकेक भाग मोजून ताडून पाहावा. काम कंटाळवाणे आहे, पण किंमत ठरते ती इथेच. पट्ट्या उरतात आणि हरवतात ती लहान दातेरी चाके, कप्प्या आणि साखळी. नेमके तेच भाग महाग असतात. या पितळी दातेरी चाकांच्या अचूकपणाविषयी मला वाटणारा आदर इथे नोंदवल्याशिवाय राहवत नाही. १९३४ मध्ये मँचेस्टर विद्यापीठात डग्लस हार्ट्री आणि आर्थर पोर्टर यांनी विकलक समीकरणे (डिफरन्शियल इक्वेशन्स) सोडवणारे यंत्र मुख्यतः मेकॅनोच्या भागांतून उभे केले होते, आणि ते केवळ शोभेचे न राहता प्रत्यक्ष संशोधनासाठी वापरले गेले. मुलांच्या खेळण्याकडून एवढी अपेक्षा कोणी केली नसती.

सारांश एवढाच की आपला संग्रह 'दहा क्रमांकाचा संच' म्हणून विकायला काढू नये. 'दोन काळांतील मिश्र संग्रह' अशी त्याची खरी ओळख सांगितली, तर त्याला प्रामाणिक गिऱ्हाईक मिळेल. शिवाय निकेलच्या पट्ट्या आणि दातेरी चाके वेगळी दाखवली, तर त्यांना स्वतंत्र मागणी असते.

प्रश्न : भंगारवाल्याकडून मिळालेल्या मेकॅनोच्या पट्ट्या गंजल्या आहेत आणि रंग उडाला आहे. पुन्हा रंग देऊन विकल्यास किंमत वाढेल का? हरवलेले नट-बोल्ट हार्डवेअरच्या दुकानातून घ्यावेत का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : रंग देऊ नये. संग्राहक मूळ रंगाचे पैसे मोजतो आणि ओरखडे त्याला चालतात. नवा चकचकीत थर दिला, की तो भाग त्याच्या दृष्टीने संग्रहातून बाद होतो. फक्त प्रतिकृती बांधण्याची आवड असलेल्या माणसाला रंगवलेला भाग चालतो, पण तो त्याची किंमत कामाच्या वस्तूइतकीच देईल. ज्या पट्टीवर मूळ रंग जवळजवळ उरलाच नाही, ती खुशाल रंगवावी. मात्र विकताना तसे स्पष्ट सांगावे. नव्याने तयार केलेले हुबेहूब भागही बाजारात मिळतात. ते वापरण्यात काही गैर नाही, त्यांना जुने म्हणून खपवण्यात आहे.

वरवरचा गंज शिवणयंत्राच्या तेलात भिजवलेल्या मऊ फडक्याने हलक्या हाताने पुसावा. पितळेची भांडी चिंचेने उजळण्याची आपल्याकडे सवय आहे. ती इथे अजिबात वापरू नये. दातेरी चाक पितळेचे असले, तरी त्याच्या मध्यभागी ते आसावर घट्ट बसवणारा बारीक स्क्रू पोलादाचा असतो. आंबट पाणी तिथे शिरले की तो आतल्या आत गंजून अडकतो आणि काढताना चाकाचा गाभा फुटतो.

नट-बोल्टच्या बाबतीत अधिक सावध राहावे. बिन्स रोडच्या काळातील मेकॅनोचे आटे ५/३२ इंच व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाचे आहेत. आपल्या दुकानात मिळणारा ४ मिलिमीटरचा बोल्ट डोळ्यांना अगदी तसाच दिसतो, पण जुन्या बोल्टच्या दोन आट्यांमधील अंतर सुमारे ०.७९ मिलिमीटर असते, तर नव्याच्या आट्यांमधील अंतर ०.७ मिलिमीटर. दोन-तीन फेरे तो बसल्यासारखा वाटतो आणि नंतर जोर लावला की पितळी चाकातील आटेच झिजून जातात. साधी पट्टी जोडायला नवा बोल्ट नव्याच नटासह वापरला तर हरकत नाही. जुन्या आट्यात मात्र तो कधीही घालू नये.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, संच वर्तमानपत्रात गुंडाळून लोखंडी कपाटात ठेवू नये. कागद ओल धरतो आणि गंज आधी तिथेच धरतो. हलका तेलाचा हात, कोरडा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या एवढे पुरते. रबरी टायर व रबर बँड धातूपासून वेगळे ठेवावेत.

प्रश्न : मी नोकरदार असून लेगोचे न उघडलेले खोके गुंतवणूक म्हणून घेऊन ठेवावेत, असा सल्ला मला मिळाला आहे. त्यांचे मोल सोन्यापेक्षा वेगाने वाढते, असे म्हणतात. आपले मत कळवावे. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : या सल्ल्याला आधार नाही, असे म्हणता येणार नाही. मॉस्कोच्या उच्च अर्थशास्त्र विद्यापीठातील दोन संशोधकांनी १९८७ ते २०१५ या काळातील सुमारे २३०० लेगो संचांच्या किमती अभ्यासून, पुनर्विक्रीत त्यांवर वर्षाला सरासरी ११ टक्के परतावा मिळाला, असा निष्कर्ष काढला होता. तो आकडा वाचून अनेकांनी खोके साठवायला सुरुवात केली. पण सरासरीत फार मोठे चढ आणि तितकेच खोल उतार सामावलेले असतात. त्याखेरीज साठवणुकीची जागा, टपालखर्च, विक्रीच्या संकेतस्थळाचे शुल्क आणि सर्वांत मोठा प्रश्न म्हणजे वेळेवर गिऱ्हाईक मिळणे, हे सारे साठवणाऱ्याच्या वाट्याला येते.

आपल्या देशाशी संबंधित एक उदाहरण पाहावे. २००८ मध्ये लेगोने ताजमहालाचा ५९२२ भागांचा संच अमेरिकेत सुमारे ३०० डॉलरला विक्रीस आणला. काही काळाने त्याचे उत्पादन थांबले आणि न उघडलेल्या खोक्याची किंमत मूळ किमतीच्या अनेक पटींवर गेली. २०१७ च्या अखेरीस कंपनीने जवळजवळ तोच संच, एक भाग जास्त घालून, सुमारे ३७० डॉलरला पुन्हा बाजारात आणला. जुन्या खोक्यासाठी हजारो डॉलर मोजायला तयार असणाऱ्यांपैकी बहुतेकांना हवा होता तो ताजमहाल. २००८ ची छपाई असलेला पुठ्ठा त्यांना नकोच होता. त्यांची गरज नव्या संचाने भागली आणि जुन्याची किंमत कोसळली. 'स्टार वॉर्स' चित्रपटांतील 'मिलेनियम फाल्कन' या अवकाशयानाच्या २००७ च्या मोठ्या संचाचेही तसेच झाले: मूळ संच ५००० हून किंचित अधिक भागांचा होता, २०१७ मध्ये ७५४१ भागांचा अधिक देखणा संच आला आणि जुन्याचा दबदबा ओसरला.

लेगोची दुर्मिळता कंपनीच्या मर्जीवर अवलंबून असते, तर १९३५ च्या निळ्या-सोनेरी मेकॅनोची दुर्मिळता कोणालाही रद्द करता येत नाही. दोन्हींत एवढा फरक असल्यामुळे मी निवृत्तीच्या पैशांचा भरवसा खोक्यांवर ठेवण्याचा सल्ला देणार नाही. आवडलेला संच दोन प्रतींत घेऊन एक बांधावा व एक ठेवावा, इतपत ठीक आहे. ठेवलेला खोका उन्हापासून दूर असावा, कारण उन्हाने पुठ्ठ्यावरची छपाई फिकी पडते. आणि उघड्यावर ठेवलेले पांढरे ठोकळे उन्हाने पिवळे पडतात.

प्रश्न : लहानपणी आमच्याकडे भारतीय बनावटीचा 'मेकॅनिक्स' संच होता. तोही आता संग्रहणीय झाला आहे का? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : पैशांच्या दृष्टीने अजून नाही. परंतु आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या अनेक मराठी माणसांनी पहिला नट याच संचातील पान्याने आवळला, आणि किमती बहुधा अशा आठवणींच्या मागोमाग चढतात. खोका, पुस्तिका आणि किंमतपट्टी शाबूत असेल, तर तो संच जरूर जपावा. आपल्याकडे खोके टिकवण्याची पद्धत नव्हती, म्हणून उद्या दुर्मिळ ठरेल तो खोकाच.

प्रश्न : मी सिंगापूरला असतो. वडिलांचा १९२० च्या सुमाराचा मेकॅनो संच नागपूरच्या घरी आहे आणि इंग्लंडमधील एक संग्राहक तो घेण्यास उत्सुक आहे. पाठवताना कोणती काळजी घ्यावी? (एक वाचक, सिंगापूर)

उत्तर : भारतातील १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार १०० वर्षांहून जुन्या अनेक प्रकारच्या वस्तू 'पुरावशेष' ठरू शकतात आणि खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. आपल्या संचाला हा नियम लागू होतो की नाही, हे आपण स्वतः ठरवू नये. तो पुरावशेष नसल्याचे प्रमाणपत्र भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून आधी मिळवावे. उलट दिशेने, म्हणजे परदेशातून संच मागवणाऱ्या वाचकांनी लक्षात घ्यावे, की २०२० मध्ये खेळण्यांवरील आयात शुल्क २० वरून ६० टक्क्यांवर नेले गेले होते आणि २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोचे गुणवत्ता नियमही लागू आहेत. मागवण्याच्या दिवशी असलेला दर आणि नियम सीमाशुल्क कार्यालयाकडून तपासून घ्यावेत.

प्रश्न : माझ्याकडे १९५० च्या दशकातील मधल्या क्रमांकांचे काही मेकॅनो संच आहेत. पूर्वीइतकी किंमत येत नाही, असे ऐकतो. थांबावे की विकावे? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : आपण ऐकले ते खरे आहे, असे माझे मत आहे, आणि त्याचे कारण माणसांच्या वयात आहे. १९५५ मध्ये दहा वर्षांचा असलेला मुलगा आज ऐंशीच्या घरात आहे. बालपणी जो संच परवडला नाही, तो उतारवयात मिळवण्यासाठी या पिढीने लिलावांत चढ्या बोली लावल्या. आता त्यांचेच संग्रह वारसांकडून एकामागून एक बाजारात येत आहेत आणि ते घेणारे हात कमी झाले आहेत. बिन्स रोडचा कारखाना १९७९ मध्ये बंद झाला, पुढे फ्रान्समधील कॅले येथे चाललेले उत्पादनही आता थांबले आहे, म्हणून जुन्या संचांना झळाळी येईल, अशी आशा काहींना वाटते. मला ती पटत नाही. युद्धानंतरचे मधल्या क्रमांकांचे संच मुळातच फार मोठ्या संख्येने विकले गेले होते आणि कारखाना बंद पडल्याने त्यांची संख्या घटत नाही.

त्यामुळे आपले संच साधारण वापरलेल्या अवस्थेत असतील, तर भाव वाढण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. यांतला एखादा संच मात्र आतल्या पुठ्ठ्यावर दोऱ्याने बांधलेल्या मूळ स्थितीतच राहिला असेल, तर तो वेगळा काढावा, दोरा सोडू नये, आणि त्याची छायाचित्रे काढून जुन्या खेळण्यांचे नियमित लिलाव करणाऱ्या संस्थेचे मत मागवावे. बाकीचे संच पूर्ण असतील तर फोडू नयेत. ज्यात बरेच भाग कमी आहेत, त्यातील दातेरी चाके, मोठे पत्रे आणि लांब कोनपट्ट्या प्रतिकृती बांधणारे लोक आजही आवर्जून घेतात. संग्राहकांची संख्या घटली, तरी या मंडळींना रोज नवे भाग लागतातच. विकताना प्रत्येक भागाची दोन्ही बाजूंची छायाचित्रे द्यावीत आणि कुठे गंज आहे, कोणता भाग नंतर घातलेला आहे, हे स्वतःहून लिहावे.