परदेशातून आणलेल्या वस्तूंचं बिल कस्टम्सला दाखवावं का? (उत्तर)

तुमचा भाऊ सिंगापूरहून येतोय. त्याला घड्याळ, फोन आणि लॅपटॉप आणायला सांगितलाय. खोकी आणि बिलं तिथेच टाकून तो ग्रीन चॅनलमधून (कस्टम्सला सांगण्यासारखं काही नाही म्हणणाऱ्यांच्या वाटेने) बाहेर पडला तर चालेल का, की कुरिअरने मागवू, असं तुम्ही विचारताय. माझा उलट प्रश्न आहे: हे भावाला विचारलंत का? सहारला, म्हणजे मुंबई विमानतळावर, बॅग उघडली तर टेबलापुढे तो उभा असेल, तुम्ही घरी असाल.

हे मी जरा तावातावाने लिहितोय, कारण हाच वाद आमच्या घरात गेली काही वर्षं चाललाय.

मी नौपाड्यात राहतो. नोकरीत होतो तेव्हापासून अमावास्येच्या सुमाराला तारे बघायला वांगणीला जाऊन इतरांच्या दुर्बिणींना डोळा लावत आलो. निवृत्त झाल्यावर स्वतःची चांगली दुर्बीण घ्यायची हे पक्कं होतं. २०२३ साली आम्ही दोघं जपानला गेलो तेव्हा टोकियोत अकिहाबारातल्या दुकानातून ती घेतली. तीन इंची, फ्लोराइट भिंगाची. पासपोर्ट दाखवल्यावर दुकानदाराने तिथला १० टक्के कर बिलातून वजा केला. पुष्कळ लोक इथेच गल्लत करतात. टॅक्स-फ्री म्हणजे तिथला कर माफ, त्याचा भारतातल्या ड्युटीशी, म्हणजे आयात कराशी, काहीही संबंध नाही.

निघायच्या आदल्या रात्री साडूंचा फोन आला. ते वाशीला असतात, कामानिमित्त परदेशात जाऊन-येऊन असतात. म्हणाले, खोकं हॉटेलातच टाका, बिल फाडा, नळीवर दोन-चार ओरखडे पाडा आणि वापरलेली आहे म्हणून सांगा. शिवाय ती बॅग बायकोच्या ट्रॉलीवर ठेवा, बायकांना फारसं अडवत नाहीत.

जन्मभर वाट बघून घेतलेल्या दुर्बिणीवर मी स्वतःच्या हाताने ओरखडे पाडायचे! मी फोन ठेवला आणि बिल पासपोर्टच्या पाकिटात घातलं.

सहारला उतरलो तेव्हा ग्रीन चॅनलकडे सगळी झुंबड होती आणि रेड चॅनलच्या, म्हणजे माल जाहीर करायच्या, काउंटरवर चिटपाखरू नव्हतं. ड्युटीवर एक तरुण अधिकारी होत्या. बिल जपानी भाषेत, त्यामुळे फक्त आकडे वाचता येत होते. त्यांनी येनमधली रक्कम कस्टम्सने जाहीर केलेल्या विनिमय दराने रुपयांत काढली. हिशेबासाठी १,१०,००० धरा. तेव्हा प्रवाशांच्या सामानाचे २०१६ चे बॅगेज नियम लागू होते आणि माणशी ड्युटीतून सूट ५०,००० ची होती. वरच्या रकमेवर ३५ टक्के ड्युटी आणि त्या ड्युटीवर १० टक्के अधिभार, म्हणजे एकूण ३८.५ टक्के. ६०,००० वर झाले २३,१००.

इथे आमच्या सौभाग्यवती पुढे झाल्या. "आम्ही दोघं आहोत ना? दोघांचे मिळून एक लाख होतात. माझ्या बॅगेत तर थोडी चिनी मातीची भांडी आहेत फक्त."

"काकू, तुमची सूट तुमच्या सामानाला," त्या म्हणाल्या. "काकांच्या वस्तूला ती जोडता येत नाही." नियमांतलं ते कलमही त्यांनी आम्हाला दाखवलं. नवरा-बायकोची सूट एकत्र करता येत नाही, हे मला तोवर एकाही ट्रॅव्हल एजंटने सांगितलं नव्हतं. ते इथे लिहून ठेवतोय, कारण भाऊ आणि वहिनी दोघं येतायत म्हणून तुम्हीही तोच हिशेब मांडला असेल.

पैसे भरले. पावतीवर दुर्बिणीचा सिरियल नंबर घालायला मी सांगितलं आणि त्यांनी तो घातला. मग त्यांनी विचारलं, यातून शनीची कडी दिसतात का? दिसतात म्हटल्यावर पेटी पुन्हा नीट बंद करायला स्वतः मदत केली. मला तिथे कोणी चोरासारखं वागवलं नाही.

तेव्हापासून मुंज असो, केळवण असो, साडू चार लोकांत सांगतात की हे तेवीस हजार पाण्यात घालून आले. मी दर वेळी गप्प बसलो. आज लिहितो.

८ एप्रिल २०२४ ला अमेरिकेत खग्रास सूर्यग्रहण होतं. माझा भाचा डॅलसला आहे आणि डॅलस बरोबर खग्रास पट्ट्यात होतं. दुर्बीण घेऊन गेलो. ढग ऐन वेळी बाजूला झाले आणि पावणेचार मिनिटांच्या वर सूर्य झाकलेला पाहिला. परत येताना सहारला एक्स-रेमध्ये नळी दिसली आणि पेटी बाजूला घेतली. मी पावती काढली, त्यांनी नंबर ताडून पाहिला आणि जायला सांगितलं. ज्याच्याकडे ड्युटीची पावती नाही, त्याने निघतानाच कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट, म्हणजे वस्तू इथूनच नेल्याचा दाखला, करून घ्यावं. पण बिलच फाडलेलं असेल आणि तिथे ते मागितलं, तर दाखवणार काय?

साडू आजवर पकडले गेलेले नाहीत, हे खरं आहे आणि त्यांचा सगळा मुद्दा तेवढाच आहे. माझा राग वेगळ्या गोष्टीचा आहे. त्यांनी एकदा महागडं घड्याळ आणलं तेव्हा ते माझ्या मेहुणीच्या पर्समध्ये होतं. ट्रॉली तिच्या हातात, साडू दहा पावलं मागे. ती नंतर आमच्या हिला म्हणाली की दारातून बाहेर येईपर्यंत पाय लटपटत होते. पकडली असती तर माल कस्टम्स अॅक्ट १९६२ च्या कलम १११ खाली जप्त, ११२ खाली दंड, आणि १२५ प्रमाणे माल सोडवून घ्यायचा तर आणखी पैसे. हे सगळं तिच्या नावावर, तिच्या पासपोर्टवर. पैसे वाचवणार एक आणि थरथरत चालणार दुसरी, याला हुशारी म्हणायला मी तयार नाही. साडू हे वाचत असतील तर वाचू देत.

आता तुमच्या भावाचं. सज्ञान प्रवाशाला एक लॅपटॉप सुटीच्या रकमेबाहेर आणता येतो, त्याची काळजी नको. नवा फोन आणि घड्याळ मात्र सुटीच्या मर्यादेत धरले जातात. मनगटावर बांधलं म्हणून नवं घड्याळ जुनं होत नाही. मर्यादेच्या आत असेल तर बिलासकट ग्रीन चॅनलमधून खुशाल यावं. वर जात असेल तर रेड चॅनल. कलम ७७ प्रमाणे आपण होऊन जाहीर केलं तर विषय ड्युटीपुरता राहतो. तो तिकडेच राहत असेल आणि ड्युटी भरायची नसेल, तर जाहीर करून कलम ८० खाली वस्तू कस्टम्सच्या ताब्यात ठेवायची विनंती करता येते, परत जाताना ती मिळते. विनंती मान्य करणं अधिकाऱ्याच्या हातात असतं.

मी सांगितलेले ५०,००० माझ्या वेळचे आहेत. फेब्रुवारी २०२६ पासून नवे बॅगेज नियम आले आणि विमानाने येणाऱ्या भारतीयांसाठी मर्यादा ७५,००० झाली. ती वाढायलाच हवी होती, इतकी वर्षं एकाच आकड्यावर अडून राहणं चुकीचं होतं. मी कस्टम्सचा माणूस नाही, तेव्हा निघायच्या आठवड्यात सीबीआयसीच्या (कस्टम्स ज्याच्या हाताखाली येतं त्या केंद्रीय मंडळाच्या) वेबसाइटवर एकदा बघून घ्या.

कुरिअर नको. बॅगेजची सूट कुरिअरला मिळत नाही. पूर्वी ५,००० पर्यंतची भेटवस्तू ड्युटीशिवाय येत असे, तेही डिसेंबर २०१९ मध्ये बंद झालं. राखी आणि जीवरक्षक औषधं तेवढी वगळली. वर कंपनी क्लिअरन्सचे पैसे वेगळे लावते. भावाबरोबरच मागवा, बिलं छापील स्वरूपात त्याच्या हातातल्या बॅगेत ठेवायला सांगा आणि ड्युटी लागली तर ती तुम्ही भरणार आहात हे तो विमानात बसायच्या आधी त्याला कळवा.