बारा नर्व्ह तोंडपाठ, तरी लीजन कुठे ते सांगता येत नाही

बाराही क्रेनियल नर्व्ह (मेंदूशी थेट जोडलेल्या नसा) नेमॉनिकने येतात, सेन्सरी-मोटरही येतं. पण 'उजवी पापणी पडलेली, बुबुळ खाली आणि बाहेर वळलेलं, डावा हातपाय लुळा, लीजन (इजा) कुठे?' असं व्हायव्हात विचारलं की गाडी अडते, असं तू लिहिलंयस. अडणारच. नेमॉनिक नावं देतं, पत्ता देत नाही.

आधी उंची ठरव. पहिल्या दोन नर्व्ह बाजूला ठेव, त्या ब्रेनस्टेममधून (मेंदूचा देठ, वरून खाली मिडब्रेन, पॉन्स, मेड्युला) निघतच नाहीत. तिसरी-चौथी मिडब्रेनची, पाचवी ते आठवी पॉन्सच्या, नववी ते बारावी मेड्युलाच्या. याला अपवाद आहेत (अकरावीची मुळं मानेतल्या स्पायनल कॉर्डमधून येतात), पण पहिल्या फेरीत त्यांच्या नादी लागू नकोस.

मग मध्ये की कडेला, ते बघ. पीटर गेट्स या न्यूरॉलॉजिस्टने २००५ साली मांडलेला 'रूल ऑफ फोर' इथे फार उपयोगी पडतो. बाराला पूर्ण भाग जाणारे आकडे घे: ३, ४, ६, १२. यांचे मोटर न्यूक्लियस (हालचालीच्या पेशींचे पुंजके) मध्यरेषेलगत असतात. ५, ७, ९, १० कडेला. हातापायांची ताकद नेणारा कॉर्टिकोस्पायनल मार्ग मध्ये, वेदना-तापमानाचा स्पायनोथॅलॅमिक कडेला.

आता तुझा पेशंट. पापणी आणि बुबुळ म्हणजे तिसरी, म्हणजे मिडब्रेन. नर्व्ह त्याच बाजूची जाते, म्हणून उजवं. कॉर्टिकोस्पायनल धागे मेड्युलात खाली गेल्यावर ओलांडतात, म्हणून हातपाय डावे. उजव्या मिडब्रेनचा पुढचा, मधला भाग: वेबर सिंड्रोम.

माझ्या मते मात्र खरा गुरू वॉलेनबर्ग सिंड्रोम. उजव्या लॅटरल मेड्युलात रक्तपुरवठा बंद पडला की चेहऱ्याची वेदना-तापमानाची जाणीव उजवीकडे जाते, अंगाची डावीकडे. ऐकायला विचित्र वाटतं. पण पाचवीचा स्पायनल न्यूक्लियस त्याच बाजूच्या चेहऱ्याचा, आणि स्पायनोथॅलॅमिक धागे कॉर्डमध्येच ओलांडून वर आलेले. सोबत उजवा हॉर्नर (पापणी जराशी पडलेली, बाहुली बारीक), घोगरा आवाज, गिळताना ठसका, चक्कर, उजव्या हातापायाचा तोल गेलेला. आणि ताकद? शाबूत! पिरॅमिड, म्हणजे कॉर्टिकोस्पायनल धाग्यांचा जुडगा, मध्ये आहे ना. पेशंट हात घट्ट दाबतो, म्हणून 'स्ट्रोक नाही' म्हणून मोकळं होणारे असतात. त्यांच्यात जाऊ नकोस.

तेव्हा कोरा कागद घे, मिडब्रेन, पॉन्स, मेड्युला असे तीन छेद काढ आणि प्रत्येकात आधी फक्त मध्यरेषा नि कड भर. रंगीत अ‍ॅटलास नंतर. पॉन्समध्ये सातवीचे धागे सहाव्या न्यूक्लियसला वळसा घालतात तेवढं मात्र नीट काढ. तिथे इजा झाली की अर्धा चेहरा कपाळासकट लुळा पडतो आणि डोळे त्या बाजूला वळत नाहीत. दोन्ही एकत्र का, ते चित्रातच दिसेल.

जमलं की हा पेशंट सोडव: जीभ बाहेर काढली की उजवीकडे वळते, डावा हातपाय अशक्त, चेहरा ठीक. उत्तर इथेच खाली लिही, कारणासकट.