कंटिन्युअस कास्टिंगचा खरा शोध कोणाचा, बेसेमरचा की जुंगहान्सचा?

तुमचा प्रश्न असा: डिप्लोमाच्या पुस्तकात कंटिन्युअस कास्टिंगचा, म्हणजे पातळ पोलाद साच्यातून न थांबता ओतत खालून सलग माल काढण्याच्या पद्धतीचा, जनक म्हणून इंग्रज संशोधक हेन्री बेसेमरचं नाव आहे, तुमचे सर मात्र जर्मनीच्या झीगफ्रीड जुंगहान्सचं नाव सांगतात. मग परीक्षेत काय लिहायचं, आणि मुळात खरं काय?

परीक्षेत दोन्ही नावं लिहा, वर्षांसकट. पण खरं काय असं विचाराल तर मी जुंगहान्सच्या बाजूचा आहे. हे मत पुस्तकं वाचून झालेलं नाही, सीसीएमच्या, म्हणजे कंटिन्युअस कास्टिंग मशीनच्या, प्लॅटफॉर्मवर उभं राहून झालेलं आहे. जालन्याच्या एमआयडीसीत बिलेट (पोलादाचा लांब चौकोनी दांडा) कास्टिंगवर माझी सतरा वर्षं गेली. हेल्पर म्हणून लागलो, मग ऑपरेटर झालो, आता शिफ्ट बघतो.

मी लागलो तेव्हा आमच्याकडे पेन्सिल इनगॉट, म्हणजे पोलादाचे लांबट ठोकळे, ओतायचे. भट्टीतून लॅडल (पातळ पोलादाची मोठी बादली) निघाली की बिडाचे साचे भरायचे, पोलाद थिजेपर्यंत थांबायचं, साचे उपसून इनगॉट काढायचे. पोलाद थिजताना आकसतं, म्हणून इनगॉटच्या डोक्याशी पोकळी राहते. तो भाग कापून परत भट्टीत टाकायचा. थंड झालेला इनगॉट रोलिंगसाठी, म्हणजे रोलांमध्ये दाबून लांब करण्यासाठी, पुन्हा तापवायचा. मोठ्या कारखान्यांत, मोठ्या इनगॉटांच्या काळात, १०० टन पातळ पोलादातून रोलिंगजोगा माल ८०-८५ टनांच्या आसपास हाती लागायचा. कंटिन्युअस कास्टिंगमध्ये हाच आकडा ९५ च्या पुढे जातो. हा फरक ज्यांच्या डोळ्यांसमोर होता, ते शंभर वर्षं या कामामागे का लागले होते हे वेगळं सांगायला नको.

आता बेसेमर. पोलाद स्वस्तात बनवण्याची हवा फुंकायची पद्धत त्याने १८५६ साली मांडली आणि लगेच पुढच्या वर्षी, १८५७ मध्ये, दुसरं पेटंट घेतलं. पाण्याने थंड केलेले दोन रूळ शेजारी शेजारी फिरत ठेवायचे, त्यांच्या फटीत वरून पातळ पोलाद सोडायचं, खालून थेट पत्रा निघेल. कल्पना इतकी पुढची होती की तिला जग गाठायला १४५ वर्षं लागली. दोन रुळांतून पोलादाचा पत्रा ओतणारा व्यापारी कारखाना अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या क्रॉफर्ड्सव्हिलला २००२ साली उभा राहिला. बेसेमरच्या दूरदृष्टीबद्दल मला मनापासून आदर आहे. पण त्याचं मशीन त्याच्या हयातीत धंद्यात चाललं नाही, आणि आज आपण ज्याला सीसीएम म्हणतो ते मशीन त्याच्या रुळांमधून आलेलं नाही.

आजच्या सीसीएमचा सांगाडा पहिल्यांदा दिसतो तो जर्मनीच्या आर. एम. डेलेन याच्याकडे, १८८७ साली. वरून-खालून उघडा, पाण्याने थंड होणारा उभा साचा. सुरुवातीला त्याचं तळ बंद करायला खालून घातलेला डमी बार. साच्याखाली पाण्याचे फवारे, त्याखाली माल ओढणारे रोल. तुम्ही एखाद्या कारखान्यात व्हिजिटला गेलात तर अजूनही हेच दिसेल. मग डेलेनलाच जनक का म्हणू नये? कारण त्याचा साचा जागच्या जागी स्थिर होता, आणि न हलणाऱ्या साच्यात पोलाद चिकटतं.

हे चिकटणं नीट समजून घ्या, सगळी गोष्ट तिथेच अडलेली होती. साच्यात पोलाद पडलं की तांब्याच्या भिंतीला लागून दुधावर साय धरावी तशी साल धरते. आम्ही तिला शेल म्हणतो. साधारण ८० सें.मी. लांबीच्या साच्यातून माल बाहेर पडायला पंधरा-एक सेकंद लागतात. तेवढ्या वेळात बिलेटचं शेल होतं एक सेंटिमीटरच्या आसपास. आत सगळं पातळ पोलाद, ते पुढे कित्येक मीटर खाली जाईपर्यंत पातळच राहतं. त्या एका सेंटिमीटरच्या पिशवीला खालून रोल ओढताहेत. पिशवी वर कुठे साच्याला चिकटली की खालचा भाग जातो आणि वरचा भाग राहतो. मधे फाटतं. फाटलेला भाग साच्याच्या बाहेर आला की आतलं पोलाद भसकन बाहेर. यालाच ब्रेकआउट म्हणतात.

पितळ आणि तांब्याच्या बाबतीत हे थोडं सोपं जातं. ते कमी तापमानाला वितळतात आणि उष्णता झटकन सोडतात, त्यामुळे आतला पातळ गाभा आखूड राहतो. पोलाद पंधराशे अंशांच्या वर ओततात आणि त्याच्यातून उष्णता हळू निघते. म्हणून अलोह धातूंचं कंटिन्युअस कास्टिंग आधी जमलं, पोलादाचं नंतर.

जुंगहान्सने सुरुवात पितळेवरच केली, १९२० च्या दशकाच्या शेवटी. १९३३ साली त्याने ज्याचं पेटंट घेतलं ते ऐकायला अगदी साधं वाटतं: साचा हलता ठेवा. माल खाली उतरतोय त्याच वेगाने साचाही त्याच्यासोबत खाली येऊ द्या. मग साचा तिप्पट वेगाने वर न्या, पुन्हा मालासोबत खाली आणा. खाली येताना साचा आणि शेल यांच्यात सरकणं नाही, त्यामुळे शेलला धरायला उसंत मिळते. वर जाताना झटका बसतो, कुठे चिकटायला लागलं असेल तर सुटतं, आणि वरून सोडलेलं तेल भिंतीवरून खाली उतरतं. साचा हलवण्याची कल्पना त्याच्याआधीही एक-दोघांनी कागदावर मांडलेली होती. पण ती धरून ठेवून, रोज टनांनी माल काढणाऱ्या मशीनपर्यंत नेली ती जुंगहान्सने. श्टुटगार्टजवळ शोर्नडॉर्फला त्याने याच तत्त्वावर पोलाद ओतून पाहिलं, तेही १९४३ च्या सुमारास, ऐन महायुद्धात. १९५० मध्ये डुइसबुर्ग-हुकिंगनच्या मानेसमान कारखान्यात त्याच्या पद्धतीचं पोलादाचं मशीन उभं राहिलं.

साच्याचं हलणं किती मोलाचं आहे हे मला एका रात्री कळलं. मी तेव्हा नवा ऑपरेटर होतो, कारखाना दुसरा होता. रात्रपाळी, दोन स्ट्रँड (मालाच्या दोन ओळी, प्रत्येकीला वेगळा साचा) चालू, हीट (भट्टीतल्या पोलादाची एक खेप) अर्धी संपलेली. ऑसिलेशन, म्हणजे साच्याचं खालीवर होणं, चालू असताना प्लॅटफॉर्मवर एक ठेका असतो, तो महिनाभरात अंगात मुरतो आणि मग ऐकू येईनासा होतो. त्या रात्री दोन नंबरच्या स्ट्रँडचा ठेका थांबला आणि मला तो थांबल्यामुळे ऐकू आला. साचा खालीवर हलवणाऱ्या एक्सेंट्रिक शाफ्टची चावी (शाफ्टला जोडणी पक्की धरून ठेवणारा धातूचा तुकडा) तुटली होती. मोटर फिरतेय, साचा थांबलेला. वर तेल सुटतंय, पाणी पूर्ण दाबाने आहे, पोलादाचं तापमान बरोबर, ओढण्याचा वेग बरोबर. म्हणजे डेलेनच्या मशीनमध्ये जे जे होतं ते सगळं चालू होतं. अर्धं मिनिटही गेलं नसेल, साच्यातली पातळी एकदम खचली, खालून भडका आणि वाफ आली. माझ्या वरच्या शिफ्ट इन्चार्जने लॉन्डर (पोलाद बाजूला वळवणारी पन्हळ) आडवा घालून पोलाद जिथून साच्यात पडतं त्या नोझलमध्ये तांब्याची चिल (पोलाद थिजवून भोक बंद करणारा तुकडा) ठोकली, म्हणून तेवढ्यावर निभावलं. कोणाला इजा झाली नाही. फवाऱ्यांच्या पाइपांवर थिजलेलं पोलाद गॅसने कापून काढायला सकाळ उजाडली.

ती चावी तळहातावर मावेल एवढी होती. दुसऱ्या दिवशी झोप येईना, म्हणून साचा हलवायचं पहिल्यांदा कोणाला सुचलं ते शोधायला बसलो. जुंगहान्स हे नाव मला तेव्हा कळलं. तोपर्यंत मी चार वर्षं त्याच्याच मशीनवर भाकरी खात होतो.

एकट्या जुंगहान्सला सगळं श्रेय दिलं तर आणखी दोघांवर अन्याय होईल, म्हणून त्यांचीही ओळख करून देतो.

पहिला आयर्विंग रॉसी, अमेरिकन इंजिनिअर. १९३६ मध्ये तो जर्मनीत जुंगहान्सला भेटला, काम पाहिलं, आणि जर्मनीबाहेरचे हक्क घेतले. आधी पितळेच्या गिरण्यांना हे तंत्र विकलं, मग १९४९ मध्ये न्यूयॉर्क राज्यात वॉटरव्लिएटला पोलादासाठी मशीन बसवलं. १९५४ साली त्याने झुरिकला कॉनकास्ट ही कंपनी काढली. आमच्याकडची जुनी माणसं अजूनही मशीनला सीसीएम न म्हणता ‘कॉनकास्ट’ म्हणतात, ते नाव तिथून आलं.

दुसरा हॅलिडे. हे नाव पुस्तकांत फारसं येत नाही आणि मला ते फार खटकतं. इंग्लंडच्या बॅरो गावच्या कारखान्यात १९५० च्या दशकात त्यांना छोट्या आकाराचा माल वेगाने ओतायचा होता आणि जुंगहान्सच्या पद्धतीतही अधूनमधून शेल फाटायचं. हॅलिडेने साचा मालाच्या बरोबरीने नाही, तर मालापेक्षा किंचित जास्त वेगाने खाली आणला. म्हणजे काही क्षण साचा शेलला ओढायच्या ऐवजी खाली दाबतो. कुठे बारीक फाटलं असेल तर ती फट दाबली जाऊन मिटते. याला निगेटिव्ह स्ट्रिप म्हणतात. ब्रेकआउट कमी झाले आणि वेग वाढवता आला. आज जगातल्या जवळपास प्रत्येक सीसीएमवर हेच चालतं.

परीक्षेत यावर गणित येतं, म्हणून आमच्या मशीनचे आकडे घालून करून दाखवतो. साचा मिनिटाला १५० वेळा खालीवर होतो, प्रत्येक वेळी १० मि.मी. एक फेरी ०.४ सेकंदाची झाली. एक्सेंट्रिकमुळे चाल साइन वक्राची असते. अशा चालीत साच्याचा सर्वांत जास्त वेग म्हणजे पाय (π) गुणिले १० गुणिले १५०, साधारण ४.७ मीटर प्रति मिनिट. माल २.८ मीटर प्रति मिनिट वेगाने उतरतोय. २.८ भागिले ४.७१ म्हणजे ०.५९४, त्याचा कॉस इन्व्हर्स ०.९३५ रेडियन. त्याला ६० ने गुणून पाय गुणिले १५० ने भागलं की ०.१२ सेकंद येतात. प्रत्येक ०.४ सेकंदातले ०.१२ सेकंद साचा मालाला दाबत असतो. वेग वाढवला आणि फ्रिक्वेन्सी तेवढीच ठेवली तर हा वेळ घटतो. म्हणून आम्ही वेग वाढवला की ऑसिलेशनही वाढवतो.

उभं मशीन आडवं कसं झालं हे तुम्ही विचारलेलं नाही, पण पुढचा प्रश्न तोच येईल. जुंगहान्सचं मशीन सरळ उभं होतं. पातळ गाभा थिजेपर्यंत माल खालीच जात राहणार, म्हणून वीस-वीस मीटर उंच मनोरे बांधा किंवा खड्डे खणा. मग माल वाकवून आडवा काढायची युक्ती आली. पुढे साचाच वक्र बनवला, तो १९६३ मध्ये स्वित्झर्लंडच्या फॉन मूस कारखान्यात चालू झाला. आमच्या मशीनच्या वळणाचा रेडियस ६ मीटर आहे. हे झालं नसतं तर मध्यम आकाराच्या शेडमध्ये, इंडक्शन भट्टीच्या शेजारी सीसीएम बसवणं परवडलं नसतं, आणि जालन्यातल्या कारखान्यांना पेन्सिल इनगॉट सोडता आला नसता. आज जगातलं ९५ टक्क्यांहून जास्त पोलाद कंटिन्युअस कास्टिंगने ओतलं जातं.

आता तुम्हाला एक काम सांगतो. व्हिजिटला गेलात की कूलिंग बेडवरच्या (माल थंड व्हायला ठेवतात त्या जागेवरच्या) गरम मालापासून लांब राहा, पण यार्डातल्या थंड बिलेटजवळ जा. अंगावर आडव्या, बारीक, एकसारख्या रेघा दिसतील. साच्याच्या प्रत्येक खालीवर होण्याची ती एकेक खूण आहे, ऑसिलेशन मार्क. उन्हात तिरक्या बाजूने पाहिलं की जास्त स्पष्ट दिसतात. लगतच्या अकरा रेघांपैकी पहिलीपासून अकरावीपर्यंतचं अंतर टेपने मोजा आणि दहाने भागा. मग ऑपरेटरला कास्टिंगचा वेग विचारा आणि त्या वेगाला या अंतराने भागा. साचा मिनिटाला किती वेळा हलला ते तुम्हाला मशीन न पाहता कळेल. आमच्या बिलेटवर हे अंतर १९ मि.मी.च्या थोडं आत येतं. तुमच्याकडे किती आलं ते इथे लिहा, निगेटिव्ह स्ट्रिपचा वेळ आपण मिळून काढू.