पंचायतीच्या बजेटात लसीकरणाला एक पैसाही का नसतो? ग्रामसभेत जाब विचारावा का?

मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात एक टर्म पंच होतो, म्हणून सांगतो. मुलांच्या लसींबद्दल जाब विचारलात तर सचिव म्हणतील, ‘ते आमच्याकडे येत नाही’. आणि ते खरंच आहे. सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमातली लस केंद्र सरकार स्वतः खरेदी करून राज्याला पाठवतं. पैसे नव्हे, कुप्याच. राष्ट्रीय आरोग्य अभियानातून होणाऱ्या खर्चात केंद्राचा वाटा 60 टक्के, गोव्याचा 40. बाकी माणसं, इमारती वगैरे आरोग्य खात्याचं. घटनेच्या अकराव्या अनुसूचीत आरोग्याचा विषय आहे, पण विषय दिला म्हणून तिजोरी दिली असं होत नाही.

मला विचाराल तर हे असंच बरं. पंचायतीची स्वतःची कमाई म्हणजे घरपट्टी, बांधकामाचे आणि धंद्याचे परवाने. कळंगुट-कांदोळीकडे हॉटेलं आहेत, आमच्याकडे काजूच्या बागा. गोवराची लस ज्याने त्याने आपल्या पंचायत निधीतून घ्यायची असती, तर सत्तरीतल्या पोरांचं काय झालं असतं? 2021 च्या टीका उत्सवातही, म्हणजे कोविड लसीकरणाच्या मोहिमेत, लस वरूनच आली. सभागृह, खुर्च्या, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांची यादी, एवढं पंचायतीनं बघायचं होतं. (यादी करणं सोपं नसतं, हेही सांगून ठेवतो.)

मात्र एका लसीबद्दल जरूर विचारा: कुत्र्यांच्या. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार भटक्या कुत्र्यांचं निर्बीजीकरण आणि लसीकरण ही स्थानिक संस्थांची जबाबदारी आहे. गोवा 2021 मध्ये देशातलं पहिलं रेबीज-नियंत्रित राज्य जाहीर झालं, ते राज्य सरकार आणि ‘मिशन रेबीज’ या संस्थेच्या पथकांनी गल्लोगल्ली जाळी घेऊन फिरून केलेल्या कामामुळे. पण हे काम एकदा करून संपत नाही. जुनी कुत्री मरतात, नवी पिल्लं येतात, आणि साधारण 70 टक्के कुत्र्यांना लस टोचलेली राहिली तरच साखळी तुटते.

तेव्हा सरपंचांना लेखी विचारा: गावात कुत्री किती, गेल्या वर्षी किती टोचली, पशुसंवर्धन खात्याशी पत्रव्यवहार झाला का, आणि यंदा तरतूद किती. तोंडी विचारलंत तर चर्चा रस्त्यातल्या खड्ड्यांवर जाईल. बजेट मंजूर व्हायच्या आधीच्या ग्रामसभेत विचारा, नंतर विचारून उपयोग नाही.